मागचं डावं चाक

चाळीसच्या वर गेलं की येतो, मी म्हटलं.
कसा येतो, गेथिननं विचारलं.
इंग्रजीत सांगता येईना. मग तिथंच,
टायरांच्या उतरंडीशेजारी उभी राहून
मी खर्ज लावला.
त्याचे हात पुसायचे थांबले.
पोऱ्यानं रेडिओ बारीक केला.

अकराशे पौंडांची मायक्रा,
माझ्या लेकीपेक्षा दोन वर्षांनी थोरली.
मर्थरच्याच एका बाईची. ती गेल्यावर भाच्यानं विकली,
म्हणाला, हिला काही खर्चच नाही.
सीटखाली पेपरमिंटच्या चांद्या निघाल्या,
आणि सर्व्हिसच्या वहीत तिचं उजवीकडं कललेलं अक्षर:
ऑइल बदललं. पाऊस.
नवी बॅटरी. ग्लेनिसला न्यायला उशीर.
ऑइल. पाऊस.
त्यापुढं कोरी पानं.

पहिल्याच हिवाळ्यात पुढची स्प्रिंग गेली.
डाउलेसच्या चढावर, सव्वासहाच्या काळोखात,
मिस्टर प्रॉसरना अंघोळ घालायला निघाले होते,
खड्डा दिसला नाही,
अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज झाला.
एकशे तीस.
मग हीटरचा पंखा. एक, दोन, तीन मुके,
चारवर एकदम वादळ.
वीस पौंडांचा तुकडा, मजुरीचा फक्त चहा घेतला.
मग सायलेन्सर. मग पावसाचं पाणी डिकीत,
स्पेअर चाकाच्या खड्ड्यात तळं, त्याचं कारण अजून सापडलेलं नाही.
रुपयांत करायचं नाही असं ठरवलंय.
करतेच.

एमओटीच्या कागदावर खाली बारीक लिहिलेलं असतं:
मागच्या अ‍ॅक्सलला गंज, अजून घातक नाही.
अजून घातक नाही.
हेच मी रोज सहा घरांत सांगते,
जरा गोड शब्दांत, पायमोजे चढवता चढवता.

मिरजेला बाबांना पाठवला होता तो आवाज.
फोन मागच्या सीटवर पालथा ठेवून
ब्रेकनपर्यंत गेले आणि आले.
जन्मात गाडी चालवली नाही त्यांनी,
पन्नास वर्षं तंबोऱ्यांच्या जवाऱ्या काढल्या.
तीनदा ऐकलं म्हणाले.
घोडी झिजलीय. भार टेकतो ना, ती जागा.
तारांना उगा दोष देऊ नका.

गेथिननं गाडी वर उचलली,
चाक हातानं फिरवलं, दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला,
डोळे मिटले.
त्या क्षणी तो आमच्या गल्लीतला वाटला.
बेअरिंग, म्हणाला. मागचं डावं.
आणि तुझे वडील कोणत्या गॅरेजात असतात?

पंच्याण्णव. व्हॅट धरून.

पण, म्हणाला, हे ऐक.
रात्रभर गार पडलेलं इंजिन त्यानं सुरू केलं.
पहिले तीन सेकंद
पत्र्याच्या डब्यात कुणी खिळे हलवावेत तसं.
मला ठाऊक होतं.
गेल्या ऑक्टोबरपासून ठाऊक होतं,
हा आवाज काही मी बाबांना पाठवला नव्हता.
टायमिंगची साखळी. सैल पडलीय.
साडेसहाशे. गाडीच तेवढ्याची उरली नाही.
किती दिवस जाईल अशी?
वर्ष जाईल, म्हणाला. किंवा गुरुवारपर्यंत.

आता घूं थांबलीय, तर बाकीचं सगळं ऐकू येतं:
दाराच्या कप्प्यातलं नाणं, मागच्या पट्ट्याचं बक्कल,
वळणावर डिकीतलं तळं.
रात्री वही काढली. तिच्या शेवटच्या ओळीखाली
देवनागरीत लिहिलं:
बेअरिंग, मागचं डावं. पंच्याण्णव.
पाऊस नव्हता. तरी पेन अडखळलं.
साखळीचं लिहिलं नाही.

पावणेसहा. काचेवरचा बर्फ जुन्या लायब्ररी कार्डानं खरवडते.
मिस्टर प्रॉसर जागे असतील, पडद्याच्या फटीतून
दिवे शोधत असतील.
किल्ली फिरवते. मोजते.
एक.
दोन.
तीन.