तुमचे नऊ, आमचे आठ

सायबीण चोडणला येते ती रायबंदरच्या फेरीतून,
लाकडी पेटीत, काचेमागे उभी.
फेरीत पायी माणसाला तिकीट नाही,
म्हणून तिलाही नाही.

यंदा भांडण निघालं ते मोजणीवरून.
पियेदाद म्हणाली, नोव्हेना नऊ दिवसांची.
आलेयाम्मा म्हणाली, आमचा उपास आठ दिवसांचा,
मासळी नाही, दूध नाही, अंडं नाही,
आईच्या वाढदिवसाला जाताना
पोट हलकं हवं.
मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

मी नगरची. आमच्या देवळात भिंत पांढरी
आणि भिंतीवर फक्त घड्याळ.
"माझा एकही नाही," मी म्हणाले,
आणि उगाच ओशाळले,
गृहपाठ न केलेल्या पोरासारखी.
अठ्ठावीस वर्षं अशा पोरांना
मीच उभं करत आले होते.

तरी संध्याकाळी जात राहिले खुरसापाशी.
पाद्री आणि आलेयाम्माचे अच्चन एकाच बाकावर,
मध्ये डास पळवायची उदबत्ती.
आधी कोंकणीतून लादाईन,
मग मल्याळममधून काहीतरी लांब, गोल, वळणांचं,
ज्यात मला फक्त मरियम कळायचं,
आणि कुत्री तेवढी शेवटपर्यंत बसायची.
आवेलिनो रोज त्याच वेळी स्कूटरवरून जायचा.
तो बिलिव्हर झाल्यापासून
सख्खा भाऊ कायतान त्याच्याशी बोलत नाही.
हॉर्न मात्र तो खुरसापाशी वाजवायचा नाही.

सहाव्या रात्री शेवटच्या फेरीचं इंजिन
नदीच्या मध्यावर बसलं.
पेटी धक्क्यावर उतरली तेव्हा अकरा वाजून गेले होते,
ज्या घरी जायची ते घर निजलेलं,
आणि धक्क्याला सगळ्यात जवळचं दार माझं.
"टीचर, एक रात दवर," कायतान म्हणाला,
आणि माझ्या उत्तराआधी आत आला.

शिलाई मशीन सरकवून जागा केली.
मेणबत्ती लावली नाही. ते माझ्या हाताला येत नाही.
पण दिवा मालवायलाही हात जाईना,
कोणी पाहुणी बाई बसलेली असावी
आणि आपण अंधार करावा, तसं वाटलं.
जवळून पाहिलं. डाव्या हाताची करंगळी तुटलेली,
कुणीतरी गोंदानं चिकटवलेली, किंचित वाकडी.
आजोबा सांगायचे, ती धन्य, पण मागणं तिच्यापाशी नाही.
मी काही मागितलं नाही.
फक्त तिचंच गाणं तिला म्हणून दाखवलं, मराठीत,
ज्यात गादीवरचे खाली येतात
आणि भुकेल्याचं ताट भरतं.
म्हटलं, बाई, तू पोटुशी असताना
हे म्हणाली होतीस. आठवतं ना?
घड्याळाचं टिकटिक ऐकत
आम्ही दोघी जाग्या राहिलो.

पहाटे पियेदाद आली ती हंडा घेऊन.
उकडलेले चणे, वर खोबऱ्याचे बारीक तुकडे.
"ह्यात मासळी नाही," ती आलेयाम्माला म्हणाली, जरा घुश्शातच,
"तुझ्या आठांनाही चालतात."
आलेयाम्माने एक चणा दाताखाली धरून पाहिला
आणि मीठ कमी आहे म्हणाली.

पेटी उचलायला दोघे होते, हंड्याला कोणी नाही.
आवेलिनो पायरीखाली उभा होता, स्कूटर चालू ठेवून.
पेटीकडे न बघता म्हणाला,
"त्याला हात लावणार नाही मी.
हंडा द्या."
कायतानने पुढे बघतच वाट दिली.

अशी निघाली ती वरात,
पुढे सायबीण, मागे चणे,
मध्ये मी, हातात काहीच नसलेली.
दोन भाऊ, मध्ये बारा पावलं.
वळणावर आवेलिनोचा पाय घसरला,
मूठभर चणे रस्त्यावर सांडले,
आणि कायतान, पेटीचा दांडा खांद्यावर असतानाच,
मागे न वळता ओरडला,
"सांबाळ रे!"

एवढंच. त्यापुढे काही नाही.
आठव्या दिवशी कोवळी कणसं वाटली,
एक माझ्याही हातात आलं.
कुठे ठेवावं कळेना.
घड्याळामागे खोचलं आहे.