कोकण : विशेष बदल नाही

संध्याकाळचं पत्रक आलं की मी चहा बाजूला ठेवते.
पुढचे पाच दिवस, उपविभागवार.
तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलमागे, दुसऱ्या मजल्यावर,
डिझेल आणि सुक्या मिरचीचा वास मुरलेल्या खोलीत
भिंतीवर देश टांगलाय
प्लास्टिकच्या कव्हरात, अंदमानापाशी बुरशी धरलेला.
गाड्या म्हणजे टाचण्या.

एक पश्चिमी झंझावात परवा हिमालयाशी पोचेल.
पंजाब, हरियाणा : पहाटे अतिदाट धुकं.
म्हणजे गुरविंदर अंबाल्याच्या अलीकडेच उभा,
वाटाणा उतरायला गुरुवार, आणि शेठची चिडचिड.
उत्तर राजस्थान : थंडीची लाट, तुरळक ठिकाणी दंव.
विदर्भ : किमान तापमानात दोन ते तीन अंशांनी घट.
तमिळनाडूचा किनारा : मध्यम पाऊस.
सेल्वमला कळवायचं, ताडपत्री दुहेरी बांध.
आणि पार खाली, जाता जाता सांगावं तसं,
कोकण : विशेष बदल नाही.

बारा हिवाळे हेच वाचतेय.
खालच्या पानवाल्यानं अठरा अंशांना कानटोपी चढवली
आणि डोक्यावर पंखा चालूच.
आमची थंडी म्हणजे पाहुणी,
चप्पलसुद्धा न काढता दारातून परत जाणारी.

रात्री अडीचला बिरूचा फोन.
बिरुदेव कोळेकर, तालुका जत,
गंगानगरहून किन्नू भरून निघालेला.
"बॉनेट दिसंना, मॅडम.
पोरगं पुढं चालतंय बॅटरी घेऊन
अन् मी त्याच्या मागनं पहिल्या गेरात,
नवरा हरवलेल्या वरातीगत."

मी पत्रक वाचून दाखवलं.
दृश्यमानता पन्नास मीटरच्या खाली,
अजून तीन दिवस असंच, ढाबा बघ आणि थांब.
मालाचं मी बोलते.
"ते ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला,
"तिकडं थंडी कितपत हाय?"

तिकडं म्हणजे कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस,
मेव्हण्याची खोली.
मुलगी अकरा दिवसांची. त्यानं पाहिली ती फोनवरच,
तीही झोपलेली.

पत्रकात कोपरखैरणे नसतं.
पत्रकात मुंबईपासून गोव्यापर्यंत एकच ओळ असते.
मी खिडकी उघडली,
हात बाहेर धरला,
तवा तापला का बघावं तसा.
खाडीकडून वारा होता, त्यात कसलासा कारखाना,
आणि मनगटापाशी, खरंच, थोडंसं गार.

म्हटलं, फार नाही रे. टोपरं पुरे.
नऊला ऊन येईल,
गॅलरीत अर्धा तास घेऊन बसायला सांग.
"नऊला? नक्की?"
नक्की.
बारा वर्षांत मी स्वतःहून दिलेला हा पहिला अंदाज.
तो "बरं" म्हणाला.
मग त्या पांढऱ्यात कुणाचा तरी भोंगा,
पोराला हाक, आणि रेंज गेली.

सकाळी सुटले तेव्हा नऊ वाजून गेलेले.
ऊन कुठलं,
इमारतींवर नुसतं धुरकट दूध सांडलेलं.
घरची वाट ठाण्याची, पण कोपरखैरण्यालाच उतरले,
उगीच. चुकले की नाही एवढंच बघायला.
ऊन दहाला आलं,
आधी पाण्याच्या टाक्यांवर, मग हळूहळू खाली,
जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखं.
एका तासाची चूक. खातं असतं तर नोंद केली असती.

सेक्टर एकोणीसमध्ये गॅलऱ्या किती, कोण मोजणार.
चादरी होत्या, सांडग्यांची ताटं, मोडकी सायकल.
तिसऱ्या मजल्यावर दोरीला
मुठीएवढं पिवळं टोपरं वाळत होतं.
मी बघत उभी राहिले.
वाळत होतं, म्हणजे डोक्यावर नव्हतं.
म्हणजे दुसऱ्या कुणाचं असेल.
किंवा दोन असतील.