दोन की तीन

राहुड घाटात पहिल्यांदा झालं ते.
दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना
काटा चार हजारांवर उडाला
आणि गाडी मात्र ढिम्म, जणू हाक ऐकून
भलतीकडेच बघत राहिली.
मागे टँकरवाला हॉर्नवर हात ठेवूनच होता.
मी पायाला दोष दिला. सवयच आहे,
काही अडलं की आधी पाय.

डावा पाय चौथ्या वर्षीच थांबला माझा,
म्हणून तर ही घेतली, क्लच नसलेली,
सोळा वर्षांपूर्वी, अर्धा फंड काढून.
शेजारी म्हणाले, एवढं धूड कशाला?
म्हटलं, एकदा आत बसलं की कळत नाही
कोण कसा चालतो.

अंबडला हिरामण चव्हाणके.
त्यानं बॉनेट उघडलंच नाही.
"थंड असताना नीट चालते?"
चालते.
"रिव्हर्स टाकल्यावर लगेच उचलते, का थांबून?"
थांबून. मग धक्का.
"किती थांबून? दोन मोजेपर्यंत का तीन?"

तीस वर्षं सातपूरला गेज धरून बसलेला मी,
केसाच्या दहाव्या हिश्श्यावरून
लोकांचे जॉब परत पाठवलेला,
दोनच शिक्के होते माझ्या टेबलावर,
आणि मला सांगता येईना
दोन की तीन.

मग फेरी मारली. तो चालवायला,
मी कितीतरी वर्षांनी डावीकडच्या सीटवर.
गरवारे पॉइंट, पाथर्डी फाटा,
पांडवलेण्यांच्या पायथ्यापर्यंत, परत, पुन्हा.
रेडिओ बंद, एसी बंद, काचा वर.
"बोलू नका," म्हणाला. मी बोलत नव्हतो.
ताप चढायची वाट बघणारा डॉक्टर
मी पहिल्यांदाच पाहत होतो.

उड्डाणपुलाच्या चढावर आली ती.
सुटली. धरलं. सुटली.
त्याचा चेहरा उजळला.
मला थोडा रागच आला त्या उजळण्याचा.

शेडमध्ये तौसिफनं मिसळीसोबत आलेला
कागदी रुमाल पुढे केला. त्यावर एक थेंब.
लाल असायला हवा होता.
पसरत गेला तो काळसर तपकिरी,
वास करपलेल्या ब्रेकचा
आणि तळाला लागलेल्या दुधाचा.
मशीन म्हणालं, सोलेनॉइड.
हिरामण म्हणाला, मशीनला नाक नाही.

खालचं पॅन उतरवलं.
चुंबकावर करडं लोणी.
"हे चालतं. एवढं तर सगळ्यांचंच झिजतं."
मग तळातून बोट फिरवून दाखवलं,
काळी पूड. "क्लचप्लेटा गेल्या."

मी म्हटलं, क्लच? हिला तर क्लचच नाही.
"आत आहेत की! चार-पाच.
तुम्हाला दाबाव्या लागत नव्हत्या, इतकंच."

इतकंच.
सोळा वर्षं अडीच लाख किलोमीटर
माझ्या वाटचं कुणीतरी दाबत होतं,
अंधारात, गरम तेलात बुडून.

नवीन तेल घालू या का, विचारलं.
"नका. आत्ता जे धरतंय ना,
ते या पुडीमुळेच धरतंय.
स्वच्छ केलं की उद्या उभी राहील."
आणि त्यानं तेच तेल
फडक्यातून गाळून परत ओतलं.

पूर्ण बॉक्स खोलायचा तर दोन लाख.
गाडीचे कुणी दीड देणार नाही.
"नाहीतर साधा गिअरबॉक्स बसवून देतो,
साठात होईल, डावीकडे एक पेडल..."
इथे त्याची नजर माझ्या बुटावर गेली,
एका उंच, एका सपाट.
त्यानं हात पुसायला घेतले, पुसलेलेच.
तौसिफ उगाच पाने लावू लागला,
दहा, बारा, चौदा.
पैसे घेईना. मी टेबलावर ठेवले.

घरी आलो सर्व्हिस रोडनं, चढ टाळत,
पायाला सांभाळतात तसं तिला सांभाळत.
गेटपाशी रिव्हर्स टाकला आणि मोजलं,
ओठ न हलवता, घड्याळ हातात धरून.

दोन.
नाही. दोनच्या थोडं पुढे.