चिला

सरांनी फळ्यावर लिहिलं : हायड्रिला व्हर्टिसिलाटा.
उद्या ताजा कोण आणणार?
मागच्या बाकावरून मी हात वर केला
आणि संध्याकाळी बोडीत गुडघाभर उतरून
जेवणाच्या डब्यात भरून ठेवला
आमचा चिला.

लाइट नव्हती. वलके काकांनी
मायक्रोस्कोप खिडकीशी सरकवला,
आरसा फिरवून ऊन आत घेतलं.
एक पान, एक थेंब, वर काच.
बुडबुडा आला, पुन्हा पहिल्यापासून.
आधी नुसत्या विटा दिसल्या, हिरव्या, लांबट.
मग डोळा सरावला
आणि विटेविटेत हिरवे दाणे
भिंतीच्या कडेकडेनं चालू लागले,
चुरण्यातल्या बैलांसारखे,
फक्त मधे खुंटा नाही
आणि हाकणारं कोणी नाही.

रेकॉर्डबुकात नाव, कुळ, आकृती.
एचबी पेन्सिल. शेडिंग करायचं नाही.
स्थानिक नावाला जागाच नव्हती.
मी पट्टीनं एक रेघ जास्तीची ओढली.
सरांनी ती खोडली नाही,
तिच्याखाली सहीही केली नाही.

उत्क्रांतीच्या तासाला
मासा पाण्याबाहेर आला, सदतीस कोटी वर्षांपूर्वी.
घरी सांगितलं तर माय जाळ्याच्या गाठी मारता मारता,
मान वर न करता :
"डाडक तं आताबी येते.
बोडी आटली का रातच्या दवात
पोटावर बांधी ओलांडते.
कितींदा म्या धुऱ्यावरून उचलून
दुसऱ्या पान्यात टाकली."

परीक्षेत हे पाच मार्कांना येतं.
त्यात तिचा हात
कोणत्या पायरीवर दाखवायचा?

सोमवारच्या बाजारी ती कॉलेजात आली,
टोपली व्हरांड्यात ठेवून,
पदराला हात पुसत.
तिला एक डोळा मिटता येईना.
मी तळहातानं झाकला,
तिच्या गालावरचं एक खवलं
माझ्या हाताला चिकटलं.
बराच वेळ ती काही बोलली नाही.
"फिरते वं."
मग, "थांबते कवा?"
पान वाळलं की, मी म्हटलं.
"मंग सोड ना त्याले पान्यात."

उरलेला चिला डब्यातून परत नेला.
ते एक पान मात्र काचेखालीच राहिलं,
माझ्यामागे अजून अकरा जणी
रांगेत उभ्या होत्या.