एकावर घडी

बिराजदार सर म्हणाले, किमतींचा तक्ता करत बसू नका,
ठिपके जोडायला बालवाडीतली पोरंही येतात.
आधी टोकं बघा.
घात सम, पहिला सहगुणक धन,
म्हणजे दोन्ही टोकं वर जाणार,
मधे काय वाटेल तो गोंधळ होवो.

घरी आलेखाचा कागद रग्गड.
अप्पांची चादरीची नक्षी आता कॉम्प्युटर काढतो,
उरलेले गठ्ठे पलंगाखाली.
एका चौकोनाला एक धागा, लाल शाईत
कुठे अर्धी वेल, कुठे अर्धाच मोर.
मोराच्या रिकाम्या बाजूला मी अक्ष आखले.
शेजारी येमुलांचे माग रात्रपाळीला लागलेले,
पाट थरथरत होता, रेघही.

मुळं : उणे दोन, एक, पुन्हा एक, चार.
उणे दोनावर सरळ आरपार, खाली.
शून्यावर उणे आठ.
एक दोनदा आहे, म्हणून तिथे ओलांडायचं नाही.
खालून यायचं, टेकायचं, परत फिरायचं,
विड्यांत छाट जास्त निघाली की अम्मा
कारखान्याच्या उंबऱ्यावरून फिरते तसं.
मग चारावर एकदाचं वर.

अप्पा जेवून हात पुसत मागे येऊन उभे.
सातवीत माग धरला त्यांनी, बहुपदी वगैरे नाही.
बराच वेळ बघत राहिले.
मग ओलं बोट एकावर ठेवलं :
"इथनं घडी घाल."

घातली. बल्बसमोर धरली.
उणे दोन चारावर जाऊन बसलं,
डावी दरी उजव्या दरीवर, जवळजवळ.
जिथे बसली नाही, तिथे माझा हात चुकला होता.
"अर्धंच काढायचं असतंय गं.
दुसरं अर्धं माग उलटं घेतोय."

हे सरांनी सांगितलं नव्हतं.
मी शून्य सोडून एकपासून अंतर मोजलं, पुन्हा मांडलं.
विषम घात सगळे गळून गेले.
दोनदा तपासलं. गळूनच गेले होते.

"आणि ही टोकं?"
वर जातात.
"कुठवर?"
थांबत नाहीत, अप्पा.
"काठ नाही, दशी नाही.
असली चादर घेणार कोण?"

हसले नाहीत. खरंच विचारत होते.
मी दोन्ही टोकांना बाण काढले.
येमुलांचा माग तेवढ्यात दणकला,
उजवा बाण कागद सोडून
पाटावर गेला.