सुकाणूची जागा

अकरा वर्षं मी चौथ्या बाकावर बसले.
वल्हवणाऱ्याची पाठ असते पुढे,
दिसतं ते फक्त मागे पडलेलं:
पूल, पॉपलरची रांग, काठावरून सायकल हाणत ओरडणारा रूलांट,
आणि आमच्याच वल्ह्यांनी पाण्यात पाडलेल्या खळग्यांची
दुहेरी ओळ, मिटत जाणारी.

या मार्चात गेंटच्या इस्पितळात डॉक्टरबाई म्हणाल्या,
चाला. ट्रामऐवजी पायी या, कालव्याकाठी भटका.
वल्हं मात्र नको.
पडद्यावरच्या करड्या अंधारात काळे ठिपके मोजत होत्या त्या,
अकरा, बारा, हा अठरा मिलिमीटर.
बीजांडकोश सुजलेत, म्हणाल्या,
एखाद्या झटक्यासरशी देठाला पीळ बसायचा.

देठ म्हणाल्या.
इतक्या वर्षांत माझ्या पोटाबद्दल कुणी
झाडासारखं बोललं नव्हतं.

आणि आधीचं? मी विचारलं.
आधीचं म्हणजे बाविसाव्या वर्षीचं,
पहाटे पाचला गॅरेजातल्या यंत्रावर दहा किलोमीटर,
दुपारी पाण्यात, रात्री उकडलेलं अंडं मोजून खायचं.
सात महिने पाळी आली नव्हती
आणि मी खूश होते.
ब्याद टळली, म्हणाले होते इंगेला,
कपडे बदलायच्या खोलीत, ओले मोजे पिळता पिळता.
ते वाक्य अजून तिथल्या खुंटीवर लोंबतंय.

डॉक्टरबाई म्हणाल्या, ठाऊक नाही.
एका अभ्यासात फार घाम गाळणाऱ्यांच्या पदरी कमी पडतं,
दुसऱ्यात हिंडत्याफिरत्या बायकांच्या पदरी जास्त,
तिसऱ्यात काही फरकच नाही.
ठाऊक नाही, हे इतकं सरळ सांगितलं त्यांनी
की त्यांचा हात धरावासा वाटला.

सासूबाईंना ठाऊक आहे.
तुटेपर्यंत ताणू नये बाईनं, म्हणाल्या, सूप वाढताना.
न ताणता नाव हलते कशी
ते मी विचारलं नाही. सूप चांगलं होतं.

रात्री नऊला सुई.
वाउटर हात धुतो, दोनदा,
श्वास धरतो, जणू टोचणार त्यालाच.
मग दोघं मिळून पुलापर्यंत चालून येतो,
सावकाश, म्हाताऱ्यांसारखे,
आणि बदकं आम्हाला ओलांडून जातात.

एप्रिलातल्या एका शनिवारी
(आत ठेवलेलं राहिलंय की नाही, सोमवारी रक्त सांगणार)
रूलांट म्हणाला, सुकाणूवर बस, आज माणूस नाही.
बहात्तर किलोची सुकाणूवाली!
पोरी हसल्या, नाव मागून खाली बसली.

पहिल्यांदाच माझं तोंड पुढे.
पुढे धुकं होतं, दुसरं काही नाही.
माझ्या बाकावर लोरे, एकोणीस वर्षांची,
गळ्याची हाडं वर आलेली, ओठ घट्ट.
उतरल्यावर तिला एक विचारायचंय,
नावेत ओरडून विचारण्यासारखं नाही ते.

शेवटच्या खुणेपाशी नाव थांबवायची.
आमच्या भाषेत त्यासाठी थांबा म्हणत नाहीत.
म्हणतात, जाऊ दे.
मी ओरडले.
आठ वल्ही पाण्यावर आडवी धरलेली,
टोकांवरून थेंब गळताहेत,
कुणी काही करत नाही

आणि नाव जातेय.