आधी विचारू तरी

रुस्तावीच्या गाडीबाजारामागे पत्र्याची शेड,
जहाजातून आलेली गाडी, दार चेपलेलं.
सीट पार स्टिअरिंगला चिकटलेली, हलत नाही.
ओतार म्हणतो, मोटर गेली, दुसरी टाक.
मी म्हणते, थांब. आधी विचारू तरी तिला.

दार ओढून घेते. बटण दाबते.
आवाज नाही,
पण छतातला दिवा किंचित मंदावतो.
म्हणजे फ्यूज शाबूत, तार शाबूत.
ती जोर लावतेय, कुणीतरी अडवतंय.
मेलेल्याला असा घाम फुटत नाही.

मागचे बोल्ट सीटखाली. सीट सरकेल तर ते दिसतील,
ते सुटतील तर सीट निघेल. बरं आहे.
पोटावर पडून टॉर्च दातात धरते.
रुळाच्या खोबणीत, स्क्रूच्या आट्यांशी रुतलेलं
पेन्सिलचं चिमुकलं शार्पनर, पितळी,
त्यात अजून लाल रंगाची एक साल.

उचकटून काढते. बटण. गुरगुर.
सीट मागे येते, म्हशीसारखी, सावकाश.
ओतार खूश: नव्या मोटरचे पैसे वाचले,
आणि तेवढेच बिलात लिहितो.

तो वळल्यावर मी दारावरचा 'एक' दाबते, उगाच.
सीट पुन्हा पुढे जाते, वर उचलते, पाठ ताठ करते
माझ्याहून वीतभर बुटक्या कुणासाठी तरी.
बसून बघते. गुडघे डॅशबोर्डला टेकतात.

नवं माप बसवायचं तर बटण तीन सेकंद धरायचं,
जुनं पुसलं जातं.
'दोन' रिकामा आहे.
गिऱ्हाईक दोनवर बसेल.